मांडव उतरल्यावर

लग्नघरातला सर्वांत खरा दिवस कोणता, असे मला कोणी विचारले तर मी मांडव उतरवण्याच्या दिवसाचे नाव घेईन. बँडवाले गेलेले असतात, पाहुणे आपापल्या घरी पोहोचलेले असतात, आणि अंगणात बांबूंसाठी खणलेले खड्डे तेवढे उरलेले असतात. मांडववाल्याचा माणूस बांबू मोजून टेम्पोत चढवतो आणि जाता जाता खिशातून घडी घातलेला एक कागद काढून यजमानाच्या हातात ठेवतो. त्या कागदावर काय आहे हे वधूवरांना ठाऊक नसते आणि वऱ्हाडालाही ठाऊक नसते. तो कागद यजमानाला एकट्याला वाचावा लागतो.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या धर्मग्रामातील तरुणांची एक सभा. चर्चच्या महोत्सवी वर्षानिमित्त मोठी फुटबॉल स्पर्धा भरवावी, असे त्यांच्या मनात आहे. मुंबईचे संघ यावेत, गोव्याचे संघ यावेत, सामने रात्री प्रकाशझोतात व्हावेत, प्रेक्षकांसाठी तात्पुरती गॅलरी उभारावी, विजेत्यांना भरघोस रोख बक्षीस द्यावे, असा त्यांचा बेत. माझी नोकरीची चौतीस वर्षे बँकेत आकडेमोड करण्यात गेली. त्यामुळे ‘अंकल, तुम्ही एकदा अंदाजपत्रक नजरेखालून घाला’ म्हणून ते माझ्याकडे आले. मुले गुणी आहेत. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू त्यांनी नीट मांडली होती. गॅलरी आणि दिवे यांसाठी पतपेढीचे कर्ज धरले होते आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘अपेक्षित नफा’. माझी पेन्सिल त्या शब्दापाशी थांबली ती पुढे सरकेना.

मी फुटबॉलचा वैरी नाही. शाळेच्या मैदानावर पावसाळ्यात अनवाणी खेळण्यात माझे बालपण गेले. २०१४ साली ब्राझीलमध्ये विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा वयाचा विचार न करता मी रात्र रात्र जागलो. ९ जुलैच्या पहाटे, आपल्याकडे दीड वाजता, ब्राझील आणि जर्मनी यांचा उपान्त्य सामना सुरू झाला. अर्ध्या तासाच्या आत जर्मनीने पाच गोल केले. शेवटी ब्राझील १-७ असा हरला. पडद्यावर एक म्हातारा प्रेक्षक चषकाची प्रतिकृती छातीशी धरून उभा असलेला दिसत होता. त्या रात्री माझ्यासारख्या परक्या माणसाच्याही घशाशी हुंदका आला. पराभवाचे दुःख जगाने पाहिले. मांडव उतरल्यानंतरचा कागद मात्र ब्राझीलने एकट्याने वाचला. पुढे निवृत्तीच्या मोकळ्या वेळात मी तो कागद थोडाथोडा वाचीत गेलो. बँकेतल्या माणसाची ही खोडच असते. दुसऱ्याच्या खातेवहीतही त्याला डोकावावेसे वाटते.

ब्राझीलला यजमानपद मिळाले ते ३० ऑक्टोबर २००७ रोजी. पाच वेळा विश्वचषक जिंकलेला हा देश. १९५० नंतर प्रथमच जग त्याच्या अंगणात खेळायला येणार होते. आनंद होणे स्वाभाविकच होते. स्टेडियमसाठी खासगी पैसा येईल, जनतेच्या तिजोरीला हात लागणार नाही, असे आश्वासन तेव्हा देण्यात आले. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सरकारी विकास बँकेच्या कर्जातून आणि राज्यांच्या तिजोऱ्यांतून आला. आठ मैदाने पुरली असती. पण प्रत्येक राज्याला वाटले की आपल्याकडेही मांडव हवा, म्हणून बारा निघाली. या बारा मैदानांचा खर्च आठ अब्ज रेआलच्या वर गेला. त्या वेळच्या भावाने हे वीस हजार कोटी रुपयांहून अधिक होतात. सुरुवातीच्या अंदाजाच्या तिपटीहूनही ही रक्कम मोठी होती. रस्ते, विमानतळ, सुरक्षा हे सारे धरले तर एकूण खर्च ११ अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

अंदाज आणि खर्च यांत एवढी तफावत का पडते? यात गूढ काही नाही. लग्नाची तारीख ठरली आणि पत्रिका वाटल्या गेल्या, की मांडववाल्याला कळते की हा गृहस्थ आता मागे फिरणार नाही. स्टेडियमच्या कंत्राटदारालाही तेच कळते. सामन्याची तारीख साऱ्या जगाला जाहीर झालेली असते. काम रखडले तर अब्रू जाते. अशा वेळी मागेल ते बिल मान्य होते, आणि घाईत कोणी बारकाईने तपासतही नाही. राजधानी ब्राझिलियातल्या स्टेडियमच्या बाबतीत हिशेबतपासनिसांनी अवास्तव बिलांचा ठपका ठेवला, आणि पुढे त्या प्रकरणी माजी गव्हर्नरांना अटकही झाली. घाईची किंमत पैशांतच मोजली गेली असेही नाही. ही मैदाने उभारताना आठ मजूर प्राणास मुकले. त्यांच्या घरच्यांसाठी या स्पर्धेचा हिशेब कोणत्याही चलनात जुळणारा नाही.

ब्राझिलियाचे हे स्टेडियम सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांचे. तिथे विश्वचषकाचे सात सामने झाले. त्या शहराचा एकही संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत नव्हता. स्पर्धेनंतरच्या वर्षी त्याच्या आवारात शहरातल्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या आणि सरकारी खात्यांची काही कार्यालये त्याच्या खोल्यांत हलवण्यात आली. ॲमेझॉनच्या अरण्यातले मनाऊस शहर याहून दूरचे. तिथल्या स्टेडियमसाठी पोलादी सांगाडा पोर्तुगालहून जहाजाने आणला गेला. सुमारे ६७ कोटी रेआल खर्च झाले. चाळीस हजारांहून अधिक आसनांच्या या देखण्या वास्तूत चार सामने झाले. चार! तिथल्या स्थानिक संघांच्या सामन्यांना येणारी माणसे एवढ्या आसनांत हरवून जातात. स्पर्धेपूर्वीच तिथल्या एका न्यायाधीशाने सुचवले होते की, नंतर या जागेचा उपयोग कैद्यांना तात्पुरते ठेवण्यासाठी करावा. सूचना अमलात आली नाही. पण ज्या मंडपाविषयी लग्नाआधीच अशी सूचना येते, तो कोणाच्या गरजेने उभा राहिला होता हे वेगळे सांगायला नको.

आणि मराकाना? फुटबॉलचे ते जणू तीर्थस्थान. १९५० च्या विश्वचषकासाठी ते बांधले गेले. २०१४ पूर्वी एक अब्ज रेआलहून अधिक खर्चून त्याचे नूतनीकरण झाले. तिथे अंतिम सामना झाला, २०१६ मध्ये ऑलिम्पिकचे सोहळे झाले, आणि २०१७ च्या सुरुवातीला वीजबिल थकले म्हणून त्या मैदानाची वीज तोडण्यात आली. देखभाल कोणी करायची या वादात हिरवळ करपली, आसने उखडली गेली. आमच्या तरुणांच्या अंदाजपत्रकात दिव्यांचा खर्च वाचताना मला त्या काळोखातल्या मराकानाची आठवण झाली.

कोणी म्हणेल, खर्च झाला हे खरे, पण उत्पन्नही आलेच असेल. जगभरातून सुमारे दहा लाख परदेशी पाहुणे आले होते, त्यांनी खाल्ले-प्यायले असेल, हॉटेलांत राहिले असतील. हा युक्तिवाद मला ओळखीचा आहे. बँकेच्या टेबलापलीकडून तो मी अनेकदा ऐकला आहे. म्हणून त्याची थोडी फोड करतो.

पहिली गोष्ट ही की, आलेले पाहुणे मोजले जातात, न आलेले मोजले जात नाहीत. गर्दी आणि महागाई यांच्या धास्तीने एरवी येणारे प्रवासी आणि व्यापारी त्या महिन्यात फिरकत नाहीत. दुसरी गोष्ट, स्थानिक माणसाने सामन्यावर खर्च केलेला पैसा आकाशातून पडत नाही. ज्या कुटुंबाने तिकिटासाठी पैसे काढले, ते त्या महिन्यात सिनेमाला गेले नाही, बाहेर जेवायला गेले नाही. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला. सामन्यांच्या दिवशी शहरांना सुट्ट्या दिल्या गेल्या, त्यामुळे कारखान्यांचे कामही थंडावले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, मोठी कमाई यजमानाच्या घरात येतच नाही. प्रक्षेपणाचे हक्क, जाहिराती, तिकिटे यांचे उत्पन्न फिफा या जागतिक संघटनेकडे जाते. यजमान देशाने तिला करांतूनही सूट द्यावी लागते. ब्राझीलने ती दिली. स्टेडियममध्ये मद्यविक्रीला तिथे २००३ पासून बंदी होती. २०१२ मध्ये खास कायदा करून स्पर्धेपुरती तीही उठवली गेली. २०११ ते २०१४ या चार वर्षांत फिफाचे उत्पन्न ५.७ अब्ज डॉलर झाले. स्पर्धेनंतर तिने ब्राझीलच्या फुटबॉलसाठी १० कोटी डॉलरचा निधी दिला. म्हणजे पंगत यजमानाच्या अंगणात बसली, पण आहेराची पेटी पाहुण्याच्या गाडीत गेली.

हे केवळ ब्राझीलच्या बाबतीत घडले असेही नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत स्पर्धा झाली तेव्हा चार अब्ज डॉलरचा लाभ होईल असे संयोजक सांगत होते. पुढे रॉबर्ट बाडे आणि व्हिक्टर मॅथेसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यजमान शहरांचे आकडे तपासले. लाभ तर नाहीच, उलट या शहरांचे एकूण उत्पन्न अपेक्षेपेक्षा साडेपाच ते नऊ अब्ज डॉलरने कमी भरले, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तिथे तर स्टेडियम आधीच उभी होती आणि प्रेक्षकांनी उपस्थितीचा विक्रम केला होता.

मराकानाच्या झगमगाटापासून दूर, साल्व्हादोर शहरातली एक गोष्ट मला विशेष जवळची वाटते. तिथे पांढरे घोळदार झगे घातलेल्या बायका रस्त्याकडेला चवळीच्या पिठाचे वडे तळून विकतात. कित्येक पिढ्यांचा हा धंदा. जुन्या मैदानाबाहेरही त्या विकीत असत. नवे मैदान झाले आणि नियम आला की, मैदानाच्या परिसरात अधिकृत प्रायोजकांखेरीज कोणी काही विकायचे नाही. म्हणजे ज्या मातीत सामना होणार, त्याच मातीतल्या बाईने तिथे टोपली ठेवायची नाही. त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या, दाद मागितली, आणि अखेर त्यांच्यातल्या मोजक्या जणींना आत जागा मिळाली. आमच्या गावातल्या बायका डोक्यावर भाजीची टोपली घेऊन पहाटेची गाडी गाठत आल्या आहेत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

जून २०१३ मध्ये ब्राझीलमधील असंतोष रस्त्यावर आला. निमित्त क्षुल्लक होते. साओ पाउलोत बसचे भाडे २० सेन्टाव्होंनी, म्हणजे आपल्या जेमतेम पाच रुपयांनी वाढले. पण त्याच वेळी विश्वचषकाची रंगीत तालीम असलेली स्पर्धा नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये चालू होती. लोकांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या. २० जूनला शंभराहून अधिक शहरांत मिळून दहा लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उतरली. त्यांचे मागणे साधे होते. फिफाच्या दर्जाची स्टेडियम बांधता, मग त्याच दर्जाची रुग्णालये आणि शाळा का नाहीत? फुटबॉलवर प्राणापलीकडे प्रेम करणाऱ्या देशात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस रिओ शहरात आले. पोप झाल्यानंतरचा त्यांचा तो पहिलाच परदेश दौरा, जागतिक युवा दिनानिमित्तचा. वार्जिन्या नावाच्या झोपडवस्तीत ते गेले तेव्हा त्यांनी ब्राझीलमधल्या एका घरगुती म्हणीचा उल्लेख केला. दारी पाहुणा आला तर डाळीत थोडे पाणी वाढवता येते, अशा अर्थाची ती म्हण. आपल्या घराघरांतल्या आया हेच करीत आल्या आहेत. पाहुण्याला परत पाठवायचे नाही आणि घरातल्या लेकरालाही उपाशी ठेवायचे नाही, ही दोन्ही गणिते त्या एका पळीभर पाण्यात सुटतात. २०१४ ची स्पर्धा तोंडावर आली तेव्हा ब्राझीलच्या बिशप परिषदेने पंचाच्या लाल कार्डाच्या रंगाचे एक पत्रक वाटले. घरांतून हुसकावलेली कुटुंबे आणि उलटेपालटे झालेले खर्चाचे प्राधान्यक्रम यांकडे त्यात बोट दाखवले होते. अर्थात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही, हे सांगायला हवे. युवा दिनाच्या मुख्य सोहळ्यासाठी रिओबाहेर तयार केलेले विस्तीर्ण मैदान पावसाने चिखलात गेले, सारा कार्यक्रम ऐन वेळी समुद्रकिनारी हलवावा लागला, आणि संयोजकांच्या डोक्यावर नंतर मोठे कर्ज राहिले. यजमानाचा मोह सर्वांनाच होतो.

हा मोह मी स्वतः अनुभवला आहे. आजवर हे कागदावर उतरवले नव्हते, पण ब्राझीलच्या खातेवहीत डोकावण्याचा अधिकार मिळवायचा तर स्वतःची खातेवहीही उघडावी लागेल.

१९९८ साली माझ्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. बँकेच्या टेबलामागे बसून मी कितीतरी जणांना ‘लग्नासाठी कर्ज काढू नका’ असे सांगितले होते. माझी पाळी आली तेव्हा मीच पतपेढीत अर्ज दिला. साऱ्या आळीत झाला नाही असा मांडव घातला, मुंबईहून बँड आणला, हजार माणसे जेवली. नातलगांपैकी एक जाणते गृहस्थ म्हणाले, ‘काळजी कसली करतोस? आहेरात सारे वसूल होते.’ मला ते ऐकायला गोड वाटले, कारण मला ते ऐकायचेच होते. मांडव उतरल्यावर पाकिटे उघडून आम्ही दोघांनी बेरीज केली. खर्चाचा तिसरा हिस्सादेखील भरला नाही. शिवाय आहेर म्हणजे उत्पन्न नव्हेच. तेही एक कर्जच असते. प्रत्येक पाकिटावरचे नाव लक्षात ठेवून ते त्या घरच्या लग्नात फेडावे लागते.

तीन वर्षे हप्ते भरले, मग जमेना. २००१ मध्ये वाडीतली चार गुंठे जमीन विकली. वडिलांनी लावलेल्या नारळीच्या ओळी त्या तुकड्यात होत्या. आलेला पैसा पतपेढीत गेला. त्याच वर्षी धाकटा मुलगा बारावी झाला. त्याला अभियंता व्हायचे होते. खासगी महाविद्यालयाच्या शुल्काचा कागद त्याने माझ्यासमोर ठेवला आणि माझा चेहरा पाहून उचलूनही घेतला. मग तो तांत्रिक शाळेत जाऊन वीजतंत्री झाला. त्याने मला एका शब्दानेही दुखावले नाही. बहिणीच्या लग्नात सर्वांत जास्त नाचला होता तोच.

२०१२ साली तो नोकरीसाठी दोह्याला गेला. कतारला तेव्हा २०२२ च्या विश्वचषकाचे यजमानपद मिळालेले होते आणि सारे शहर खणून काढलेले होते. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत विजेच्या तारा ओढण्याचे काम त्याच्याकडे होते. बरोबर नेपाळी होते, बांगलादेशी होते, केरळी होते. शुक्रवारी तो तिथल्या चर्चमध्ये मिस्सेला जाई आणि नंतर फोन करी. एकदा मी उत्साहाने विचारले, ‘जगाची एवढी मोठी जत्रा तुमच्याकडे भरणार, तुम्हाला पाहायला मिळेल की नाही?’ तो हसून म्हणाला, ‘पप्पा, लग्नात काही जण जेवायला असतात, काही वाढायला असतात. आम्ही वाढायला आहोत.’ त्याने ते सहज म्हटले. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ बाकावर बसून राहिलो. एका यजमानाच्या हौसेचा हप्ता फेडायला तो घराबाहेर पडला होता, आणि दुसऱ्या यजमानाच्या मांडवात राबत होता.

कतारला कर्जाची चिंता नव्हती. रस्ते, रेल्वे, विमानतळ, हॉटेले धरून त्याने केलेला खर्च २०० अब्ज डॉलरच्या घरात सांगितला जातो. ज्याच्या घरी तेल-वायूच्या विहिरी आहेत त्याने कसा मांडव घालावा हा त्याचा प्रश्न. तरीही वाढणाऱ्यांच्या जिवाची किंमत तिथेही राहतेच. स्पर्धेशी जोडलेल्या कामांवर ४०० ते ५०० मजूर दगावले असतील, असे संयोजकांच्या प्रमुखांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत मान्य केले.

वाचकहो, एवढे सांगितल्यावर तुम्हाला वाटेल की मी सणसमारंभाच्या विरुद्ध आहे. तसे मुळीच नाही. यजमान होण्यात आनंद असतो आणि तो खराखुरा असतो. युरोपातील देशांच्या पाहणीतून असेही दिसून आले आहे की, मोठी फुटबॉल स्पर्धा भरवणाऱ्या देशातले लोक त्या काळात खरोखरच अधिक समाधानी असतात. समाधान फार दिवस टिकत नाही, पण असते. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा मीही गावातल्या काही मुलांना घेऊन नवी मुंबईला गेलो होतो. सहा शहरांतल्या सामन्यांना मिळून १३,४७,१३३ प्रेक्षक आले. त्या वयोगटाच्या स्पर्धेचा तो विक्रम ठरला. आधीपासून असलेली मैदानेच डागडुजी करून वापरली होती. भारताचे तिन्ही सामने हरले, पण परतीच्या गाडीत पोरांचे डोळे चमकत होते. त्या चमकेची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

माझे म्हणणे असे आहे की, ती खर्चाच्याच रकान्यात लिहावी आणि आनंदाने लिहावी. सणाला सण म्हणावे, धंदा म्हणू नये. मुलीच्या लग्नाला मी आनंदाचा खर्च म्हटले असते, तर परवडेल तेवढाच केला असता. ‘वसूल होईल’ म्हटले आणि तिथेच हात सैल सुटला. ब्राझीलच्या राज्यकर्त्यांनी ‘एका महिन्याच्या आनंदासाठी आम्ही एवढे पैसे घालणार आहोत, तुम्हाला मान्य आहे का?’ असे जनतेला विचारले असते, तर लोक कदाचित आठ मैदानांना हो म्हणाले असते आणि बाराव्याला नाही. नफ्याचे नाव घेतले की हा प्रश्न विचारावाच लागत नाही, आणि रुग्णालयातल्या खाटेला व शाळेच्या बाकाला थांबायला सांगणे सोपे जाते.

नाही म्हणण्याचे धैर्य दाखवणारेही झाले आहेत. १९८६ ची स्पर्धा मुळात कोलंबियाला मिळाली होती. १९८२ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकूर यांनी जाहीर केले की, देशापुढे दुसरी पुष्कळ कामे आहेत, फिफाच्या चैनी पुरवायला आम्हाला सवड नाही. स्पर्धा मेक्सिकोत गेली. कोलंबियात फुटबॉल त्यामुळे मेला नाही. आणि घरात आहे त्यातच पाहुणचार करण्याचा मार्गही मोकळा असतो. २०२६ च्या स्पर्धेसाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी निवडलेली सोळाही मैदाने आधीच उभी होती. तेवढ्याने सारा खर्च टळत नाही, पण मनाऊसची चूक तरी टळते.

गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर तरुणांची सभा पुन्हा भरली. मी ब्राझीलची गोष्ट सांगितली, माझ्या चार गुंठ्यांची सांगितली, आणि अंदाजपत्रकातला ‘अपेक्षित नफा’ हा शब्द खोडावा अशी विनंती केली. मुले थोडी हिरमुसली. एकाने स्पष्टच विचारले, ‘मग अंकल, स्पर्धा करायचीच नाही का?’ मी म्हटले, ‘जरूर करायची. शाळेचे मैदान आहे, दिवसाचा उजेड आहे. बाहेरगावचे खेळाडू आपल्याच घरांत दोन दोन, चार चार उतरतील. चटया टाकून बसलेल्या प्रेक्षकांनाही गोल दिसतो. दिवे हवेतच तर अंतिम सामन्यापुरते भाड्याने आणा. आणि जो खर्च होईल तो आपण आपल्या आनंदासाठी करतो आहोत, असे लिहा.’

बराच वाद झाला. गॅलरी रद्द झाली, कर्ज रद्द झाले, बक्षिसाची रक्कम कमी झाली. ती पुरेशी कमी झाली असे मला वाटत नाही आणि ती उगाच कमी केली असे काही तरुणांना वाटते, म्हणजे बहुधा ती योग्य जागी आली असावी. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मिश्कील मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘नफा नाही म्हणजे वर्गणी आली. अंकल, पहिले नाव कोणाचे लिहू?’ साऱ्या सभागृहात हशा पिकला. मी खिशातून पेन काढले. आता मागे हटणे शक्य नव्हते, आणि हटावेसेही वाटत नव्हते.

घरी येऊन पत्नीला सांगितले की, स्पर्धेच्या दिवसांत चार खेळाडू आपल्याकडे राहायला येणार आहेत. धाकटा दोह्याहून कायमचा परतल्यापासून वरची खोली त्याची असते. तो म्हणाला, ‘मी बाहेर पडवीत झोपेन.’ पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘चार वाढीव माणसे, तीही खेळून आलेली. डाळ किती घालू?’

मी म्हटले, ‘रोजच्यापेक्षा मूठभर जास्त घाल. बाकी पाणी वाढवता येईल.’